लटकता इंटरकूलर: एका ऑक्टाव्हिया आरएसचं प्रकरण

तक्रार अशी होती: घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की पुढून 'फट्ट' असा आवाज येतो, गाडीचा दम जातो आणि मागून काळा धूर निघतो. खाली वाकून पाहिलं की इंटरकूलरचा (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) होज पाईप सुटलेला. तो परत चढवायचा, क्लिप आवळायची, की पुढच्या चढापर्यंत गाडी ठीक. मालक कणकवलीचे डॉक्टर. फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असं करत कोल्हापूरला त्यांची नेहमीची ये-जा. गाडी आमच्याकडे उद्यमनगरात येईपर्यंत क्लिपा तीन प्रकारच्या झाल्या होत्या: साध्या, रुंद आणि शेवटी टी-बोल्टच्या. होजही एकदा बदललेला. पाईप सुटतोय म्हणजे क्लिप ढिली, इतकाच विचार प्रत्येकाने केला होता, आणि तो चुकीचा होता असंही म्हणता येणार नाही. अपुरा होता.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ सालची. १,७८१ सीसीचं चार सिलिंडरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीतून १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर. मूळ इंटरकूलर छोटा, बंपरच्या उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीत दडवलेला. कंपनीच्या बूस्टला, म्हणजे टर्बोने दिलेल्या जास्तीच्या दाबाला, तो पुरतो. डॉक्टरांनी मात्र काही वर्षांपूर्वी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातली आकडेमोड बदलून, बूस्ट १ बारच्या आसपास नेलं होतं, आणि तिथे गणित बदलतं. बाहेर ३५ अंश असताना हवा १ बार बूस्टपर्यंत दाबली, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १३० अंशांच्या घरात जाते. कोपऱ्यातला छोटा इंटरकूलर घाटात दोन-तीन वळणांतच तापून बसतो. मग ईसीयू नॉक (इंधनाचा अवेळी भडका) टाळायला इग्निशन मागे ओढतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतं, आणि रीमॅपचे पैसे वाया. त्यामुळे समोर मोठा इंटरकूलर लावायचा निर्णय चांगलाच होता. घोळ झाला तो लावण्यात.

बाजारातून आणलेला कोअर, म्हणजे इंटरकूलरचा जाळीदार गाभा, ६०० बाय ३०० बाय ७६ मिलिमीटरचा, बार-अँड-प्लेट पद्धतीचा. हा प्रकार ट्यूब-अँड-फिनपेक्षा दणकट असतो, दगड सोसतो, उष्णताही जास्त पोटात घेतो, पण वजनदार असतो. आमच्या काट्यावर नुसता कोअर दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट (हवा आत-बाहेर जाण्याच्या पेट्या) ८.६ किलो भरला. होज आणि पाईपांचा वाटा धरला तर दहाच्या जवळ. आता ८.६ किलो म्हणजे काही फार नाही, एका हाताने उचलता येतो. बसवणाऱ्यालाही तसंच वाटलं असणार.

बंपर उतरवल्यावर

बंपर काढल्याबरोबर अर्धं उत्तर समोर होतं. कोअर क्रॅश बीमच्या (बंपरमागच्या आडव्या पोलादी दांड्याच्या) पुढे, दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेला. पट्टी २५ बाय ३ मिलिमीटरची, साधी माइल्ड स्टीलची, बीमवर बोल्ट करून पुढे साधारण १०० मिलिमीटर काढलेली आणि टोकाला इंटरकूलरच्या वरच्या कानात एक एम८ बोल्ट. खाली काहीच नाही. डाव्या पट्टीला बीमच्या कडेशी, वायसरच्या अगदी लगत, तडा गेलेला. दोन तृतीयांश रुंदी फाटून उरलेल्या चिमटीभर लोखंडावर ती बाजू लोंबत होती. तड्याची कड निम्मी जुनाट तांबडी, निम्मी चकचकीत. म्हणजे तडा एका दणक्याचा नव्हे, महिनोन्‌महिने थोडाथोडा सरकत आलेला.

डावी बाजू बोटभर खाली आल्यामुळे कोअरचा मागचा कोपरा एसीच्या कंडेन्सरला टेकत होता. कंडेन्सरच्या एका नळीवर रुपयाएवढी जागा घासून चमकत होती. अजून एक पावसाळा, आणि डॉक्टरांनी गॅस भरून घेतला असता, कारण न कळता.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. इंटरकूलरच्या दोन्ही टाक्यांना खालच्या बाजूला आट्यांची एकेक जागा होती, एम६ची, बनवणाऱ्यानेच दिलेली. त्या दोन्हींत कारखान्यातून आलेली लाल प्लास्टिकची टोपणं जशीच्या तशी. बनवणाऱ्याने चार आधार धरून वस्तू बनवली होती आणि गाडीवर ती दोनांवर चढली.

आमच्या वेल्डिंगच्या मिस्त्रींनी पट्टी हातात घेऊन वाकवून पाहिली आणि म्हणाले, "सायेब, हिला पाच एमएमची टाकून देऊ की. सुटला विषय."

सुटला नसता. का ते आकड्यांत बघू, कारण अशा कामात नव्वद टक्के चुका जाड-बारीक अंदाजाने होतात.

एका पट्टीवर निम्मा भार, म्हणजे ४.३ किलो, सुमारे ४२ न्यूटन. तो मुळापासून १०० मिलिमीटरवर. पट्टीच्या मुळाशी वाकवणारा ताण निघतो साधारण ११२ मेगापास्कल. पण मुळालगत बोल्टचं ९ मिलिमीटरचं छिद्र आहे, म्हणून प्रत्यक्षात काम करणारी रुंदी २५ नव्हे, १६. तिथे ताण जातो १७५च्या पुढे. माइल्ड स्टील २५० मेगापास्कलच्या सुमाराला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे गाडी दारात उभी असताना, इंजिन बंद असताना, पट्टीने आपल्या ताकदीचा दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा खर्च केलेला. राधानगरी रस्त्यावरच्या एका खड्ड्यात पुढचं टोक अर्ध्या जी-इतकं (स्वतःच्या वजनाच्या निम्म्याने) जरी जास्त आपटलं, तरी हद्द संपली. पट्टी इतके दिवस टिकली याचं श्रेय तिचं नाही. भार होज उचलत होते.

दुसरा हिशोब कंपनाचा. अशा दोन पट्ट्यांवर ८.६ किलो ठेवले की ते जोडकाम स्वतःहून सेकंदाला साधारण १४ वेळा वर-खाली डुलू पाहतं, १४ हर्ट्झ. मोटारीची चाकं खराब रस्त्यावर सस्पेन्शनवर ज्या गतीने थरथरतात ती १० ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यातच असते. म्हणजे रस्ता नेमका त्याच तालात ढकलतो ज्या तालात इंटरकूलर डुलायला तयार बसलाय. प्रत्येक खडबडीत तुकड्यावर हे दोघे जुळतात आणि हालचाल वाढत जाते.

आता मिस्त्रींची पाच मिलिमीटरची पट्टी. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे साडेचार पटीहून थोडा जास्त. कंपन १४ वरून ३०च्या आसपास जातं. चार सिलिंडरच्या इंजिनाचा आयडलवरचा (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचा) मुख्य थरार कितीचा? ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७. म्हणजे खड्ड्यातून सुटून सिग्नलवर अडकलो. शिवाय पट्टी न वाकता उरली की तोच धक्का पुढच्या कमकुवत जागी जातो: इंटरकूलरच्या कानाच्या वेल्डिंगवर. लोखंड बदलायला पन्नास रुपये लागतात, टाकी फाटली तर इंटरकूलर जातो. मिस्त्रींना हे सांगितल्यावर त्यांनी फक्त कानाच्या वेल्डकडे बोट केलं. उजव्या कानाच्या मुळाशी केसाएवढी रेघ तिथेही निघाली होती. आम्ही दोघांनीही ती आधी पाहिली नव्हती.

मग होज का सुटत होता?

६३ मिलिमीटरच्या पाईपात १ बार बूस्ट असताना प्रत्येक जोडावर पाईप बाहेर ढकलणारा जोर सुमारे ३१२ न्यूटन असतो, म्हणजे ३२ किलोच्या आसपास. इंटरकूलरच्या दोन टोकांना समोरासमोर तोंडं असतील तर कोअरवरचा जोर एकमेकांना खोडतो, पण दोन्हीकडचे पाईप मात्र बाहेर पळू पाहतात. पाईप सरळ, जोड सरळ, टोकाला उठवलेली कड म्हणजे बीड असेल, तर चांगली क्लिप एवढा जोर सहज धरते. इथे डावी बाजू खाली गेल्याने होज तिरका बसला होता. वरच्या अंगाला ताण, खालच्या अंगाला सुरकुती. क्लिप कितीही आवळली तरी ती तिरक्या रबराला एकाच कडेवर दाबत होती. त्यात इंटरकूलर खड्ड्याबरोबर वर-खाली, इंजिन वेगळ्या तालात पुढे-मागे. होज हा दोघांमधला लवचीक दुवा असतो, वजन पेलायचा दोर नव्हे.

इंजिनाची हालचालही जास्त निघाली. या गाडीत इंजिनाच्या खाली एक 'डॉग-बोन' माऊंट असतो, टॉर्कला इंजिन उलटं फिरू नये म्हणून. एकाला ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये हलकी ओढायला लावली आणि बॉनेट उघडं ठेवून पाहिलं, तर इंजिन नको तितकं मागे झुकत होतं. रबर फाटलेलं. ते बदललं. हे काम नसतं केलं तर पुढचं सगळं फॅब्रिकेशन करूनही होज एखाद दिवशी सुटलाच असता, आणि दोष आम्ही बनवलेल्या नव्या आधारावर, म्हणजे पाळण्यावर, आला असता.

बीमचा प्रश्न

काम सुरू करण्याआधी एका गोष्टीवर अडलो. आधीच्या फिटरने कोअर मागे सरकवायला क्रॅश बीमची खालची कड ग्राइंडरने हातभर कापून टाकली होती. डॉक्टरांना ते माहीतच नव्हतं. बीम नुसतं बंपर धरायला नसतो. समोरून धडक बसली की भार दोन्ही चासी लेगवर (सांगाड्याच्या पुढे आलेल्या दोन दांड्यांवर) वाटून देणं हे त्याचं काम. त्याची कड कापली की तो वाकायची जागा बदलतो, आणि एअरबॅग कधी फुटायची हे ठरवणारी धक्क्याची चढणही बदलू शकते. वेल्डिंग करून कड परत जोडणं मला मान्य नव्हतं, कारण उष्णतेने त्या पोलादाची घडण बदलते आणि पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही.

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण तो बीम आता मिळणार कुठे? वीस वर्षांची गाडी."

मिळाला, पुण्याच्या जुन्या पार्टवाल्याकडून, थोडा रंग गेलेला पण सरळ. तो आल्याशिवाय पुढे जायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं, आणि डॉक्टरांनीही घाई केली नाही. नवीन बीमला एकही जास्तीचं छिद्र पाडलं नाही.

ओघात कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण या गाडीचं झालेलं आहे, पुढेही ती तपासणीला जाणार. इंटरकूलर आणि रीमॅपबद्दल विमा कंपनीला लेखी कळवा, असं आम्ही डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पत्र दिलं. ज्यांना हे कळवायचं नसतं त्यांचं काम मी घेत नाही. दावा फेटाळला गेला की सगळ्यात आधी फॅब्रिकेटरचा फोन वाजतो.

पाळणा

मूळ कल्पना एवढीच की वजन खालून पेलायचं, वरच्या कानांनी फक्त कोअर पुढे-मागे कलू नये एवढं बघायचं. गाड्यांचे रेडिएटर कसे बसवतात ते आठवा: खाली दोन खुंट्या रबराच्या वाट्यांत, वर दोन हलके ब्रॅकेट. कंपन्यांनी हे उगाच ठरवलेलं नाही.

पण खाली आधार द्यायचा कशाला? रेडिएटर आणि कंडेन्सर ज्या चौकटीवर बसतात तिच्यावर द्यायचा मोह होतो, कारण ती अगदी हाताशी असते. ती त्या दोघांपुरती बनवलेली आहे, तिसऱ्याचे नऊ किलो तिच्यावर टाकायचे नाहीत. शेवटी बीम चासी लेगला जिथे बोल्ट होतो तिथूनच दोन्ही बाजूंनी उभे पाय खाली सोडले. २ मिलिमीटर पत्र्याचे, ४० बाय २० च्या चॅनेलसारखे घडी मारलेले. सपाट पट्टी वापरली नाही. तेवढ्याच पत्र्याला घडी दिली की तो कित्येक पट ताठ होतो, आणि तरीही धडकेत मुडपतो, कोअरला भाल्यासारखा मागे रेटत नाही. बीमचे बोल्ट पत्र्याच्या जाडीएवढे जास्त लांब घेतले, त्याच ग्रेडचे, आणि आट्यांत पूर्वीइतकेच आत बसतात ना हे मोजून घेतलं. दोन पायांच्या टोकाला आडवा एक इंची चौकोनी पाईप, २ मिलिमीटरचा. अख्खा पाळणा दोन किलोंच्या आत राहिला.

आडव्या पाईपवर दोन रबराच्या वाट्या. इंटरकूलरच्या खालच्या एम६ आट्यांत खुंट्या बसवल्या, पण वजन आट्यांवर येऊ दिलं नाही. प्रत्येक खुंटीला ३० मिलिमीटरचा खांदा ठेवला, त्या खांद्यावर टाकी रबरावर टेकते. आटे फक्त खुंटी जागेवर धरतात. रबर ईपीडीएमचं घेतलं. साधं नैसर्गिक रबर उन्हात आणि ओझोनने दोन वर्षांत चिरा टाकतं. ईपीडीएमला तेल चालत नाही, पण तिथे तेल येण्याचं कारण नाही, आणि आलं तर आधी ते कुठून आलं हे शोधायला हवं.

वरच्या दोन ब्रॅकेटमध्ये रबरी बुश, बुशच्या आत पोलादी कॉलर. हा कॉलर लोक विसरतात. तो नसला तर नट आवळताना रबर पिचतं, मग नट ढिला वाटतो, मग अजून आवळतात, आणि महिन्याभरात रबर चेपून नट खरंच ढिला होतो. कॉलर असला की नट लोखंडावर आवळला जातो आणि रबर आपल्या जागी मोकळं राहतं. एम८, ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, टॉर्क पान्याने २२ न्यूटन-मीटर.

डावीकडचं वरचं छिद्र गोल, उजवीकडचं लांबट. कारण ॲल्युमिनियम तापलं की वाढतं. टाक्यांसकट ७८० मिलिमीटर लांबीचा कोअर ६० अंशांनी तापला तर सुमारे १ मिलिमीटरने लांब होतो, आणि मागचा पोलादी बीम बाहेरच्या तापमानालाच असतो. चारही कोपरे घट्ट जखडले तर ती वाढ कुठेतरी ताण म्हणून निघते, बहुधा कानाच्या वेल्डमध्येच. एक टोक धरायचं, दुसऱ्याला सरकू द्यायचं.

उजव्या कानाच्या त्या रेघेवर आर्गॉन वेल्डिंग मारायचं की नाही यावर मिस्त्रींशी बराच वेळ चर्चा झाली. उष्णतेने घडवलेल्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डच्या कडेला एक तृतीयांशाहून जास्त घटते, म्हणून नुसती रेघ भरून उपयोग नव्हता. रेघेच्या टोकांना बारीक छिद्र मारून ती थांबवली, खोल घासून भरली आणि कानाला दोन्ही बाजूंनी लहान तिरके आधार दिले, टाकीच्या जाड भागापर्यंत नेलेले. कोअर आणि टाकीच्या जोडापासून लांब राहिलो.

इथे एक सांगायलाच हवं. ग्राइंडिंगचा कीस टाकीच्या आत पडला तर तो पुढच्या फुल बूस्टला सरळ इंजिनात जातो. इंटरकूलरनंतर फिल्टर नसतो. वेल्डिंगपूर्वी दोन्ही तोंडं चिंध्या कोंबून आणि टेप लावून बंद केली होती, तरी नंतर कोअर उलटसुलट करून साबणाच्या कोमट पाण्याने धुतला, हवा मारली, पांढऱ्या कापडावर झटकला. कापडावर तीन-चार चकचकीत कण आले. परत धुतला. कण येणं थांबेपर्यंत हेच चालू होतं, आणि आमच्या पोराला त्याचा कंटाळा आला तरी आम्ही थांबलो नाही.

मालवण-देवगडच्या खाऱ्या हवेत गाडी जात असल्यामुळे लोखंड आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना कुठे टेकतात हे शेवटी पुन्हा पाहिलं. पाणी आणि मीठ मिळालं की या जोडीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते आणि छिद्र मोठं होत जातं. रबराने बहुतेक जागा आपोआप वेगळ्या झाल्या होत्या. उरलेल्या दोन ठिकाणी नायलॉनचे वायसर घातले. पाळण्यावर झिंकचा प्रायमर, त्यावर काळा रंग. चौकोनी पाईपला खालून दोन छिद्रं ठेवली, आत पाणी साचू नये म्हणून.

पाईप, हवा आणि चाचणी

पाईपांच्या टोकांना बीड होती, पण एका बाजूचं टोक कापून लांबी कमी केलेली, म्हणून तिथे बीड नव्हतीच. होज सुटायचा तो याच बाजूचा. टोकावर नवी बीड उठवली. दोन्ही पाईपांना स्वतःचे आधार दिले, रबर घातलेल्या पट्ट्याने बॉडीला बांधून, म्हणजे बाहेर पळणारा ३२ किलोचा जोर एकट्या क्लिपवर पडणार नाही. होजच्या आत दोन पाईपांच्या तोंडांमध्ये बोटभर फट ठेवली. टेकलेली असती तर इंजिन हललं की ती एकमेकांवर आपटली असती.

कोअरच्या चारही बाजूंना आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत बंद पेशींचा फोम चिकटवला. हवा सोपी वाट शोधते. फट दिसली की कोअरमधून जाण्याऐवजी वळसा घालून निघून जाते. समोर एवढी भिंत उभी केल्यावर कंडेन्सर आणि रेडिएटरला हवा कमी मिळणार, हे मान्यच करावं लागतं. फॅन चालू-बंद बरोबर होतोय ना ते तपासलं, एवढंच आपल्या हातात.

हवेची चाचणी गाडीवरच. टर्बोच्या इनलेटला बूच, त्यातून रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा, ०.३ बारपासून हळूहळू वर आणि १ बारला थांबायचं. बुचासमोर कुणीही उभं राहायचं नाही. सुटलं तर तेही ३२ किलोच्या जोरानेच येतं. साबणाचं पाणी मारलं, दोन जोड कोरडे, तिसऱ्या जोडावर छोटे बुडबुडे. क्लिप बीडच्या वरच चढवलेली निघाली. ती अर्धा इंच मागे घेतली आणि बुडबुडे थांबले.

मग फोन. कोअरला टेपने घट्ट चिकटवला, कंपन मोजायचं साधं ॲप लावलं, रबरी हातोड्याने कोअरला टोला दिला. वर-खाली डुलण्याची लय ३७-३८ हर्ट्झच्या आसपास दिसली. खड्ड्यांपासून दूर, आयडलपासूनही दूर. फोनचा सेन्सर प्रयोगशाळेचा नाही, पण १४ आणि ३७ यांतला फरक दाखवायला पुरतो. पुढे-मागे दिशेला लय २० च्या थोडी वर होती, ती मला पूर्ण पसंत नाही. त्या दिशेला वरच्या ब्रॅकेटना अजून एक घडी द्यायला हवी होती, पण बंपरच्या आत जागाच उरली नव्हती. डॉक्टरांना ते तसंच सांगितलं.

प्रत्येक नट-बोल्टवर पिवळ्या पेंटची एक रेघ, नटापासून ब्रॅकेटपर्यंत. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावायला नको. गाडी दाजीपूरपर्यंत नेऊन आणली, परत येऊन बंपरच्या खालून टॉर्चने रेघा पाहिल्या, सगळ्या जुळलेल्या. डॉक्टरांना सांगितलं, पहिल्या हजार किलोमीटरला एकदा आणि मग दर सर्व्हिसला अशाच पाहायच्या.

पावसाळ्यानंतर गाडी परत आली तेव्हा होज एकदाही सुटला नव्हता. रेघा जागेवर. पाळण्याच्या डाव्या पायाला खालून घासल्याची खूण होती, कुठल्यातरी उंच गतिरोधकावर टेकलेला. कोअरला काही नाही. खालच्या रबराच्या वाट्यांत लाल चिखल भरला होता. तो काढला आणि वाटीच्या तळाला आडवं छिद्र पाडलं, ते सुरुवातीलाच ठेवायला हवं होतं. डॉक्टरांची तक्रार आता एकच: रंकाळ्याच्या गर्दीत एसी पूर्वीसारखा थंड लागत नाही. त्यावर सध्या दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवलेत, जास्त ताकदीचा फॅन किंवा ५० मिलिमीटर जाडीचा हलका कोअर. त्यांना पहिला हवा आहे. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, कारण त्याने नऊ किलोंतले दोन-तीन तरी कमी होतील आणि पुढे-मागेची ती २० ची लयही वर सरकेल.